व्हीलचेअरवर परत येणारा ऑपरेटर आणि नवी अंध सहकारी: महाप्याच्या कारखान्याने काय तयारी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: महापे एमआयडीसीत साठ-सत्तर माणसांचा कारखाना आहे. अठरा वर्षं मशीनवर काम केलेला एक ऑपरेटर दुचाकीच्या अपघातात मणक्याला इजा झाल्याने आता व्हीलचेअर वापरतो आणि दोन महिन्यांनी कामावर परत येणार आहे. त्याच सुमारास कस्टमर सपोर्टला एक पूर्ण अंध मुलगी रुजू होते आहे, ती डोंबिवलीहून येणार. विचारणारे तिथलं प्रशासन सांभाळतात. त्यांचं म्हणणं, "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो, भेदभाव अजिबात करत नाही. तरी तयारी काय करावी, खर्च किती येईल आणि कायदा काय सांगतो?"

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपघातानंतर कामावर परतणाऱ्यांबरोबर आणि पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या अपंग मुलामुलींबरोबर ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९ वर्षं काम करते आहे. तुम्ही माणसं यायच्या आधी विचारताय याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक फोन येतात ते माणूस राजीनामा द्यायला निघाल्यावर.

आधी ते "सारखंच वागवतो" बघू. तुमच्या गेटजवळचं हजेरीचं मशीन भिंतीवर किती उंचीवर आहे, ते मोजा. सहसा साडेचार फुटांच्या आसपास असतं. सगळ्यांना तेच मशीन, तोच नियम, तीच वेळ. पण ती उंची ठरवताना उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर होता. बसलेल्या माणसाचा अंगठा तिथे पोहोचत नाही, आणि नुसताच पडदा उजळणारं, आवाज न देणारं मशीन असेल तर हजेरी लागली की नाही हे अंध मुलीला कळत नाही. इथे भेदभाव कोणीच केलेला नाही, तरी दोघांचा दिवस दुसऱ्या कोणाला तरी "जरा माझा पंच कर ना" असं म्हणण्याने सुरू होतो. महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षभर. ते मशीन साडेतीन फुटांवर आणून त्याचा आवाज चालू केला की उभ्या माणसाचं काही बिघडत नाही आणि या दोघांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली व्याख्या मी प्रत्येक कंपनीत वाचून दाखवते. शरीराची किंवा मनाची दीर्घकाळची अडचण आणि बाहेरचे अडथळे, यांची गाठ पडल्यावर माणसाचा समाजातला सहभाग अडतो, असं ती सांगते. अडचण तुमच्या हातात नाही. अडथळे मात्र आहेत, कारण भिंत, दार, मशीन, सॉफ्टवेअर आणि कामाची वेळ सगळं तुमचंच आहे.

आता ऑपरेटरबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका नेमक्या इथेच होतात.

काही वर्षांपूर्वी रबाळ्याच्या एका कारखान्यात असाच एक फिटर परत आला होता. मालक भले होते. फाटकापासून शॉपफ्लोअरपर्यंत छान उतार बांधला, कठडे लावले, नारळ फोडला. पाच महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला की तिसऱ्यांदा ताप भरलाय, लघवीचा जंतुसंसर्ग आहे. मी कारखान्यात गेले. दुपारी दीडला कँटीनमध्ये त्याच्या शेजारी बसले. ताटात भात, आमटी, दोन पोळ्या, आणि स्टीलचा ग्लास उपडाच. माझ्या ग्लासात पाणी ओतून तांब्या त्याच्याकडे सरकवला, तर म्हणाला, "नको मॅडम, मी पाणी घरी गेल्यावरच पितो." जेवण झाल्यावर मी टेप घेऊन संडासाकडे गेले. दार साठ सेंटिमीटर रुंद. त्याची व्हीलचेअर त्रेसष्ट. दार आत उघडणारं. तो सकाळी सहाला घरून निघायचा, संध्याकाळी सहाला पोहोचायचा, आणि बारा तास पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मणक्याच्या इजेनंतर मूत्राशयाची जाणीव आणि ताबा दोन्ही बहुतेकदा जातात. अनेकांना दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, त्यासाठी स्वच्छ जागा आणि हात धुवायला पाणी लागतं. पाणी न पिणं हा त्यावरचा उपाय नाही, त्याने मूत्रपिंडावर बेतू शकतं. दोन संडासांमधली भिंत पाडून, एकच मोठा करून, बाहेर उघडणारं दार बसवायला गवंड्याला एक रविवार लागला.

म्हणून तुम्हाला सांगते, उताराच्या आधी संडास बघा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत खुर्ची पूर्ण वळवता येईल एवढी, म्हणजे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. कमोड व्हीलचेअरच्या बैठकीच्या उंचीचा, ४५ ते ४८ सेंटिमीटर, आणि त्याच्या एका बाजूला खुर्ची लावून सरकायला जागा. भिंतीत पक्के रोवलेले आधाराचे दांडे. टॉवेल टांगायचे दांडे लावू नका, अंगाचा भार आला की ते निखळतात. आणि एक कळकळीची विनंती, त्या संडासात झाडू, बादल्या, जुन्या फाइली ठेवू नका. मी पाहिलेल्या निम्म्या तरी "दिव्यांग स्वच्छतागृहां"ना कुलूप होतं आणि किल्ली हाउसकीपिंगकडे.

उताराचं गणित सोपं आहे, एकास बारा. ऑफिसच्या दाराला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५, म्हणजे उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा, वर-खाली सपाट जागा वेगळी. जागा नाही म्हणून दीड मीटरचा उतार टाकला तर तो माल चढवण्यापुरता ठीक, माणूस त्यावरून उलटा पडेल. एवढी जागा नसेल तर मागच्या मालाच्या दाराने सपाट प्रवेश आहे का ते बघा. असला तर ती वाट उजेडाची, झाकलेली आणि पावसाळ्यात पाणी न साचणारी करा, आणि ते दार सगळ्यांसाठी उघडा. त्याला एकट्यालाच मागच्या दाराने यायला लावू नका.

शॉपफ्लोअरवरच्या काही गोष्टी बाहेरच्याला सुचत नाहीत. इजेच्या खाली त्याला स्पर्श, ताप, दुखणं कळत नाही. गरम जॉब मांडीवर ठेवला तर भाजल्याचं त्याला वास आल्यावर कळेल. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन त्याला बूड उचलावं लागतं, नाहीतर बसून बसून जखम होते, आणि ती जखम भरायला कधी कधी महिने जातात. हे सुपरवायझरला आधीच माहीत हवं, नाहीतर "हा सारखा काय चुळबुळ करतो" असा शेरा येतो. टेबलाखाली गुडघे जातील अशी साधारण ७० सेंटिमीटरची मोकळीक लागते. खुर्ची आणि तिच्यावरची गादी त्याच्या मापाची आहे का, हेही विचारा. दुकानातून आणलेली अवजड, हॉस्पिटलच्या घाटाची खुर्ची दिवसभराच्या कामाला उपयोगाची नसते. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे माप घेऊन योग्य खुर्ची सुचवतात.

आणि काम कोणतं द्यायचं? हे तुम्ही ठरवू नका. अशा माणसाला आपसूक गेटवरच्या रजिस्टरवर किंवा टेलिफोनवर बसवतात. अठरा वर्षं मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो, यात तुमचं नुकसान आहे आणि त्याचा तर जीव तुटतो. त्याला बोलवा, शॉपफ्लोअर फिरू द्या, आणि विचारा की यातलं काय जमेल, कशात बदल लागेल. क्वालिटी, टूलरूम, सीएनसीचं प्रोग्रॅमिंग, नव्या पोरांना शिकवणं, यातलं काहीही निघेल. कदाचित जुनंच मशीन, पाय-पॅडलच्या जागी हाताचा स्विच लावून. त्या फिटरने स्वतः खडूने जमिनीवर रेघा मारून दाखवलं होतं की रॅक कुठून कुठे सरकवला तर त्याची खुर्ची वळते. तीन इंजिनिअर आणि मी, आम्हा चौघांना ते सुचलं नव्हतं.

पगार आणि हुद्दा तोच ठेवा. सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही, असं कायद्याचं २०वं कलम सांगतं. ते सरकारी आस्थापनांसाठी आहे, पण तोच दंडक तुम्ही स्वतःला लावून घ्या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तो कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) असेल आणि अपघात कामावर येता-जाता झालेला असेल, तर ती नोकरीतली इजा धरली जाऊ शकते. कागद तपासा. या योजनेची महिन्याच्या पगाराची मर्यादा २१ हजार आहे, अपंग कर्मचाऱ्यासाठी २५ हजार.

आता त्या मुलीकडे येऊ.

तिची पहिली परीक्षा तुमच्या फाटकाच्या बरीच आधी होते. डोंबिवलीहून लोकल, ठाण्याला उतरून पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे, तिथून ट्रान्स हार्बरची गाडी, कोपरखैरणे किंवा घणसोली, मग शेअर रिक्षा. साडेआठला ठाण्याच्या त्या पुलावर डोळस माणूसही गर्दीबरोबर वाहत जातो. तिथे पांढरी काठी लोकांच्या पायात अडकते, मोडते. दिव्यांगांच्या डब्यात गर्दी घुसलेली असते, आणि "दिसत नाही का" हा प्रश्न तिला रोज कोणीतरी विचारणार. तुम्ही रेल्वे बदलू शकत नाही, पण तिची वेळ तासभर पुढे-मागे करू शकता. यात एक रुपया खर्च नाही. स्टेशन ते कंपनी हा शेवटचा तुकडाही महत्त्वाचा आहे, कारण महाप्यात फूटपाथ कुठे संपेल आणि उघडं गटार कुठे सुरू होईल याचा भरवसा नाही. कंपनीची गाडी स्टेशनवरून कोणाला आणत असेल तर तिलाही त्यात घ्या. नसेल तर ओळखीच्या दोन-तीन रिक्षावाल्यांशी तिची गाठ घालून द्या.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळी उभं राहून बघा, तुम्हाला किती दिसतात. ही माणसं घरात आहेत, कारण घर ते काम ही वाट त्यांच्यासाठी जुळतच नाही.

रुजू व्हायच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी तिला बोलवून रिकामं ऑफिस दाखवा. तास-दीड तास द्या. ती खांब मोजेल, वळणं लक्षात ठेवेल, कँटीनचा वास आणि पंख्याचा आवाज कुठून येतो ते टिपेल. चालताना तिचा दंड पकडून ओढायचं नाही. तुमचं कोपर पुढे करा, ती धरेल आणि अर्धं पाऊल मागे राहील. पायरी आली की "वर" किंवा "खाली" एवढं सांगा. दारं पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड काठीला लागत नाही, सरळ कपाळाला लागते. खुर्च्या टेबलाखाली सरकवायच्या, वाटेत बाइक लावायच्या नाहीत, आणि फर्निचर हलवलं तर तिला त्याच दिवशी सांगायचं. हे ऑफिसमधल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. तिच्यासमोर वर्ग घेऊ नका.

कॉम्प्युटरवर ती स्क्रीन रीडर वापरणार, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए नावाचा विनामूल्य आहे आणि उत्तम चालतो, मराठीही वाचतो. फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर असतंच. अडचण येते ती तुमच्या सॉफ्टवेअरची. एक सोपी चाचणी सांगते. माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर, टॅब आणि एंटर दाबत, ग्राहकाची एक तक्रार नोंदवून बंद करून बघा. तुम्हाला जमलं नाही तर तिलाही जमणार नाही. कीबोर्डने सगळं झालं तरी ते स्क्रीन रीडरबरोबर नीट बोलतं का, हे तिच्याकडूनच तपासून घ्या, जमल्यास रुजू व्हायच्या आधी. बटणांना नावं नसतील तर तिला नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. ते दुरुस्त करायला सॉफ्टवेअरवाल्याला आजच लिहा, कारण त्याला वेळ लागतो.

यात सगळ्यात जास्त छळतात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. एका अंध मुलाला मी नोकरी लावली होती. त्याच्या शेजारी बसून एकदा हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला. इतक्या वेगाने आवाज बोलत होता की मला एक शब्द कळला नाही, तो मात्र आरामात ईमेल चाळत होता. मग त्याने एचआरचं परिपत्रक उघडलं आणि आवाज एकदम थांबला. तो दोनदा बाण दाबून बसला, मग मला म्हणाला, "हे चित्र आहे." टाइप केलेलं पत्र कोणीतरी छापलं होतं, शिक्का मारून सही केली होती आणि स्कॅन करून पाठवलं होतं. रजेचा नियम बदलल्याचं त्याला चार दिवसांनी जेवताना कळलं. शिक्क्याची प्रत हवी तर ठेवा, पण तेच पत्र ईमेलमध्ये साध्या अक्षरांतही पाठवा. पगाराची स्लिप, सुट्ट्यांची यादी, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फळ्याचा फोटो, सगळ्यांना हेच लागू. पगाराची स्लिप दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणं ही फार लाज आणणारी गोष्ट आहे.

याच मुलाने पुढे ती नोकरी सोडली, आणि कारण मला अजून सलतं. आठ महिने पगार वेळेवर झाला, पण काम मिळालं नाही. "तू बस, आराम कर, आम्ही बघतो," एवढंच. त्याला कळत होतं की आपण तिथे दाखवायला आहोत. म्हणून सांगते, तिचं सॉफ्टवेअर नीट चालायला लागलं, हात बसला, की टार्गेट इतरांएवढंच द्या. चुकली तर इतरांना सांगता तसं सांगा. वार्षिक आढावा तिचाही घ्या, बढतीसाठी तिचाही विचार करा.

कायद्याचं आता पटकन. अपंगांसाठीचं ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांत आहे, तुम्हाला नाही. पण २१वं कलम तुम्हाला लागू आहे: प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात सोयी, अपंगांना योग्य पदं, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, साहाय्यक साधनं आणि यासाठी नेमलेला संपर्क अधिकारी हे सगळं लिहायचं. ते वेबसाइटवर किंवा कंपनीत ठळक जागी लावायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे. कायद्याच्या तरतुदी मोडल्या तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे, नंतर ५० हजार ते ५ लाख.

दोन निकालही लक्षात ठेवा. २०२१ साली विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेला लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलाच पाहिजे असं नाही. गरजेपुरती सोय हा हक्क त्या आकड्यावर टांगलेला नाही. म्हणजे उद्या तुमच्याकडचा कोणी कमी ऐकू येतं म्हणाला तर आधी दाखला मागत बसू नका. आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: सुगम्यता ही कोणी मागायच्या आधीच सगळ्यांसाठी करून ठेवायची असते, आणि गरजेपुरती सोय ही एका माणसाच्या अडचणीप्रमाणे नंतर करून द्यायची असते. तुमचा संडास, उतार, हजेरीचं मशीन पहिल्या खात्यात जातं. तिची कामाची वेळ, त्याचा हाताचा स्विच दुसऱ्या. पहिलं नीट केलंत तर दुसरं फार थोडं उरतं.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, तुमची इमारत पाहिल्याशिवाय तो खोटा ठरेल. एवढं सांगते की वर लिहिलेल्यापैकी पैसे लागतात ते संडास आणि उतार यांना. बाकीचं बहुतेक तास-दोन तासांचं काम आहे.

आग लागली तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीच काढते. एमआयडीसीत भोंगा वाजतो, लोक पळतात. ऑपरेटरची बसायची जागा तळमजल्यावर, बाहेर पडायच्या सपाट वाटेजवळ असू द्या. दोघांसाठी प्रत्येकी दोन सहकारी नावानिशी ठरवा, एक रजेवर असला तर दुसरा हवा. सराव या दोघांना घेऊनच करा, "तुम्ही बसा, हा नुसता सराव आहे" असं म्हणू नका. आणि भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवाही लावून घ्या. पुढचा उमेदवार बहिरा असू शकतो.

कोणता शब्द वापरायचा, हाही प्रश्न नेहमी येतो. सरकारी कागदावर दिव्यांग. माझ्याबरोबरची कितीतरी माणसं स्वतःला सरळ अपंग किंवा अंध म्हणवतात, काहींना ते आवडत नाही. त्या दोघांना विचारा. आणि रोजच्या बोलण्यात दोघांना नावं आहेतच.

मदतीसाठी: अंध व्यक्तींच्या तंत्रज्ञानासाठी आणि प्रशिक्षणासाठी मुंबईतली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, ही १९५२ पासून काम करते. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र खारघरला आहे, आणि कोणा कर्मचाऱ्याच्या मुलाला गरज असेल तर नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं ईटीसी हे अपंगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र नक्की दाखवा. तुमच्या सत्तर माणसांपैकी कोणाच्या तरी घरी असं मूल असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तो आजवर कंपनीत त्याबद्दल बोललेला नसेल.

शेवटी तुम्ही विचारलंय, पहिल्या दिवशी छोटासा स्वागत समारंभ ठेवू का, पुष्पगुच्छ आणि फोटो. ठेवू नका. नव्या माणसाला तुमच्याकडे पहिल्या दिवशी जे मिळतं ते तिला मिळू द्या, ओळखपत्र, लॉगिन, जागा. फक्त लॅपटॉपवर एनव्हीडीए आधीच घातलेलं आणि चालवून पाहिलेलं असू द्या. आणि ऑपरेटरचा जुना लॉकर वरच्या रांगेत असेल तर आत्ताच खालच्या रांगेतला एक रिकामा करून घ्या, त्यावर पाटी मात्र त्याच्या जुन्याच नंबरची लावा.